सोरायसिसवाल्यांच्या लशीचं बघायचं कोणी?

इंदुरात थंडी सुरू झाली की फ्लूच्या लशीचा विषय निघतो, आणि रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर सगळेच डॉक्टर होतात. 'भाऊ, तुमचं अंग आधीच उठलेलं, वर सुई कशाला?' हा ठरलेला सल्ला. सोरायसिस असो की एक्झिमा, चामडीचा आजार म्हटलं की लस नको, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय.

माझं मत नेमकं उलट आहे. आम्हा सोरायसिसवाल्यांतले बरेच जण मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन किंवा बायोलॉजिक इंजेक्शनांवर असतात. ही औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, म्हणूनच खवले कमी होतात. मग फ्लू, न्यूमोनिया जड जाण्याची भीती आम्हालाच जास्त ना! औषध चालू असताना टाळायच्या त्या जिवंत लशी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची. फ्लूचं नेहमीचं इंजेक्शन, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची लस), हिपॅटायटिस बी यांत जिवंत जंतू नसतात. मेथोट्रेक्सेटमुळे फ्लूच्या लशीचा असर थोडा कमी होतो, म्हणून आजार आटोक्यात असेल तर काही डॉक्टर लशीनंतर 2 आठवडे ती गोळी थांबवतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, कट्ट्याने नाही.

आता जे कोणी बोलत नाही ते. लस घ्यायची म्हणजे बाही वर करायची. 2021 साली कोविडच्या लशीला रांगेत उभा होतो. बाही सरकवली, कोपरावरचे लाल चट्टे दिसले, आणि सिस्टरचा हात जागीच थांबला. 'ये छूत का तो नहीं है ना?' मागचे दोघे अर्धा पाऊल मागे सरकले. तिचाही काय दोष म्हणा, तिला कोणी शिकवलंच नसेल. पण भर रांगेत एकदा असं झालं की माणूस पुढच्या लशीला जात नाही. नाव मात्र 'रिअ‍ॅक्शन'च्या भीतीचं सांगतो.

ती भीती अगदीच खोटी नाही. सोरायसिसमध्ये जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो, याला कोबनर म्हणतात. म्हणून सुई स्वच्छ कातडीवर टोचून घ्यावी. लशीनंतर आजार उफाळल्याचीही काही उदाहरणं आहेत. पण घशाच्या साध्या स्ट्रेप (एका जिवाणूच्या) संसर्गानेही अंगभर ठिपके उठतात, ते कोणी धरत नाही.

माझा खरा राग वेगळाच आहे. चामडीचे डॉक्टर म्हणतात फिजिशियनला विचारा, फिजिशियन म्हणतात स्किनवाल्यांना विचारा. मुलांच्या लशीचं कार्ड असतं, मोठ्यांचं कोण बघतं? खरं तर जिवंत लस राहिली असेल तर ती औषध सुरू व्हायच्या निदान 4 आठवडे आधी उरकावी लागते. म्हणजे विचारायची वेळ पहिल्याच पर्च्याची. तेव्हा लिव्हर, टीबी, हिपॅटायटिस बी सगळं तपासतात. हिपॅटायटिसचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की 'सब ठीक' म्हणून फाईल बंद. 'मग आता त्याची लस घेऊन टाका' हे पुढचं वाक्य मी तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

टोफासिटिनिब (सोरायसिसच्या सांधेदुखीत देतात ती गोळी) घेणाऱ्यांनी नागिणीच्या लशीचंही विचारावं. या गोळीने नागिणीचा धोका वाढतो. 2023 पासून भारतात मिळणाऱ्या शिंग्रिक्स या नागिणीच्या लशीत जिवंत विषाणू नाही, 50 च्या पुढच्यांना आणि धोका असलेल्या 18 वरच्यांनाही चालते. दोन डोस, आणि महाग. पण नागिणीच्या कळा ज्यांनी घरात पाहिल्यात, ते किंमत ऐकून लगेच उठून जाणार नाहीत.