विश्रांतीची ड्युटी

ताण आला की माणसाला सल्ला मिळतो आणि सल्ल्याने जो ताण येतो त्यावर आणखी एक सल्ला मिळतो. पूर्वी निदान सल्ला एका ओळीचा असायचा. 'जरा आराम कर.' तो कानाआड करायला सोपा होता. आता आरामालाही वेळापत्रक आलंय, आणि ते पाळताना माझी जी दमछाक होते ती कामावर कधी झाली नाही.

सुरुवात डॉक्टरांनी केली. रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता 'ताण कमी करा' म्हणाले. इतक्या सहज, की जणू तो बाहेर चपलांशेजारी काढून यायला मी विसरलो होतो. मी विचारलं, "कसा?" तर म्हणाले, "श्वसनाचे व्यायाम करा. नेटवर सगळं आहे." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नेटवर खरोखरच सगळं आहे. तीच तर अडचण! एक जण सांगतो, चार आकडे श्वास घ्या, चार आकडे रोखा, चार आकड्यांत सोडा, परत चार आकडे थांबा. हे चौकोनी श्वसन. दुसरा सांगतो, चारात घ्या, सात रोखा, आठात सोडा. मी मुळात हिशेबाचा कच्चा. साताच्या मुक्कामावर असताना साहेबांचा फोन आला. साहेबांशी बोलताना मी एरवीही श्वास रोखूनच असतो, त्यामुळे त्यांना काही फरक कळला नाही. आकडे मात्र चुकले. आता साताच्या पुढे मोजायचं की पहिल्यापासून सुरू करायचं, या विचारात संबंध दुपार गेली.

तिसरा गडी जहाल होता. त्याने जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला सांगितले. मी घेतले. थोड्या वेळाने बोटांना मुंग्या आल्या, छत तरंगायला लागलं, आणि मला वाटलं, साधली समाधी! कन्या शास्त्र शाखेची. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, समाधी नाही ती. कार्बन डायऑक्साइड कमी झालाय." भराभर श्वास घेतले की तो प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. या वायूला मी शाळेपासून खलनायक समजत आलो होतो. प्रत्यक्षात 'आता श्वास घे रे बाबा' ही हाकाटी शरीरात बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे, तर हा वायू साठला म्हणून उठते.

या नादात एक मोठा घोटाळा झाला. यकृत, मूत्रपिंड, जठर ही मंडळी माझ्या सहीवाचून आपापली कामं उरकतात. श्वासाचंही तसंच. मेंदूच्या देठातून त्याचा कारभार चालतो. मिनिटाला १२ ते २०, दिवसाला साधारण वीस हजार, झोपेतसुद्धा. पण या एकाच खात्यात मालकाला हवं तेव्हा ढवळाढवळ करण्याची मुभा आहे. मी ती केली. आता रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, मी घेतला नाही तर पुढचा श्वास येणारच नाही. चार्ज कसा घ्यायचा ते सगळे शिकवतात. परत कसा सोपवायचा, ते कुणीच सांगत नाही.

श्वासाच्या जोडीला 'रोजच्या सवयी' आल्या. सकाळी उठल्या उठल्या उजेडात जा, दुपारनंतर कॅफीन बंद, तासाला उठून दोन पावलं चाला, झोपण्याआधी मोबाइल दूर ठेवा. यातली एकही गोष्ट चुकीची नाही, म्हणूनच तर राग येतो. कॅफीनचं अर्धं प्रमाण अंगातून जायलाच चार-पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळचा कप मध्यरात्री जागाच असणार. कळतं हो सगळं! पण मोबाइल दूर ठेवायची आठवण मोबाइलच करून देतो आणि ती आठवण बंद करायला मोबाइल हातात घ्यावा लागतो. पुढचं सांगायला नको.

एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू शिथिल करण्याची एक पद्धत बसवली. एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा. कल्पना फार सुंदर आहे. मी पायाच्या बोटांपासून सुरुवात केली आणि पोटरीत असा गोळा आला की पुढचे स्नायू सगळ्या घराने मिळून सोडवले.

मग बायकोने मनगटावर घड्याळ बांधलं. हे वेळ सांगतं, पण मुख्य म्हणजे मी रात्रभरात किती सावरलो याचे शंभरपैकी गुण देतं. मी ताजातवाना उठतो, घड्याळात एकेचाळीस दिसतात, आणि त्या क्षणी खांदे पडतात. झोपेचे गुण वाढवण्याच्या काळजीने झोप उडण्याच्या या प्रकाराला २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलंय. नाव मिळालं याचा मला आनंद झाला. गुण मात्र आणखी दोनाने घसरले.

या संदर्भात मला ऑटो लोवी फार जवळचा वाटतो. या शास्त्रज्ञाला रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्याने अर्धवट झोपेत तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा पठ्ठ्या उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस उद्दीपित केली, हृदय मंदावलं. मग त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर टाकला, तर तेही मंदावलं. म्हणजे नस एक रसायन सोडते आणि त्याने हृदयाला लगाम बसतो. १९२१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. शरीराला शांत करणारी यंत्रणा शोधणारा माणूस पहाटे तीनला तडमडत कामावर गेला होता! माझ्या घड्याळाने त्याला नापास केलं असतं.

पण याच व्हेगसमुळे एक गोष्ट माझ्या पदरात पडली. श्वास घेताना हृदय किंचित जलद चालतं आणि सोडताना किंचित मंदावतं. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच हे टिपून ठेवलंय. म्हणजे सगळी मेख सोडण्यात. घेणं कसंही असो, सोडणं लांबवा. आणि लांबलचक सोडलेला श्वास म्हणजे काय? सुस्कारा!

आता, सुस्कारे टाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. लहानपणापासून त्यावरून बोलणी खात आलोय. "काय सारखे सुस्कारे टाकतोस? कुणी मेलंय का?" हे आईचं पालुपद. मी कन्येकडून खात्री करून घेतली. माणूस नकळत तासाला दहा-बारा सुस्कारे टाकतोच. फुप्फुसातल्या मिटलेल्या वायुकोशांना उघडायला ते लागतात. इतकंच नव्हे, २०२३ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात काही लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं मुद्दाम सुस्कारे टाकायला लावले. नाकाने एक श्वास, त्यावर आणखी एक छोटा, मग तोंडाने सावकाश सोडायचं. चौकोनी श्वसन आणि ध्यान करणाऱ्यांपेक्षाही यांची मनःस्थिती जास्त सुधारली.

मी हे सगळं साग्रसंगीत आईला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

तेव्हापासून घरात माझ्या सुस्काऱ्यांची वेळ ठरली आहे. संध्याकाळी मी खुर्चीत बसतो, कन्या "बाबा, दुसरा छोटा श्वास राहिला" म्हणून चुका काढते आणि बायको पाच मिनिटं झाली की "पुरे, भाजी चिरायचीय" म्हणून सत्र संपवते. हरकत फक्त आईची. ती म्हणते, "हे खोटे आहेत. खरे मी टाकलेत, तुझ्या दहावीच्या वर्षी."