टेबल राखीव, ताटात पुन्हा पनीर

आयआयटी मुंबईतला टेबलांचा वाद २०२३ मधला, पण आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो अधूनमधून उकरून निघतोच. १२, १३ आणि १४ नंबरच्या हॉस्टेलांच्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवल्याचा ईमेल विद्यार्थ्यांना आला होता. तिथे मांसाहार करून निषेध नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. काका म्हणतात, वास सहन होत नाही त्यांनी काय करायचं? चुलतभाऊ म्हणतो, हे सोवळंच आहे, फक्त ईमेलवरून आलेलं. मला चुलतभावाचं पटतं. पण मी व्हीगन, दूध-दही-तूपही वर्ज्य. त्या राखीव टेबलावर बसून मी खाल्लं काय असतं?

पुण्यात शिकताना माझी खानावळ ‘शुद्ध शाकाहारी’ होती. रविवारची फीस्ट म्हणजे पनीर आणि श्रीखंड. तूप नको म्हटलं की मावशी मुकाट्याने पोळी बदलून द्यायच्या, आणि तूप नाही तर नाही, म्हणून वाटीभर दही वाढायच्या. माया खूप, पोट मात्र आमटी-भातावर. गंमत म्हणजे पिठलं-भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी यांत दुधाचा थेंब नसतो. पण फीस्टला पिठलं केलं तर मुलं महिन्याचे पैसे परत मागतील!

आता मी बर्लिनमध्ये शिकते. इथल्या विद्यापीठांची कॅन्टीन, म्हणजे मेन्झा, चालवणाऱ्या संस्थेने २०२१ च्या हिवाळी सत्रापासून मेन्यूच बदलला: ६८ टक्के पदार्थ व्हीगन, २८ टक्के शाकाहारी, मांस आणि मासे प्रत्येकी २ टक्के. तांत्रिक विद्यापीठाजवळ तर २०१९ मध्येच पूर्ण व्हीगन मेन्झा सुरू झाली. कारण हवामानबदलाचं आणि मुलांच्या मागणीचं. पावित्र्याचा विषयच निघाला नाही. ट्रे घ्यायचा, जागा दिसेल तिथे टेकायचं.

चवीबद्दल मात्र फार बोलू नये. मसुराचं सूप, सोयाचं श्निट्झेल (तळलेलं कटलेट), टोमॅटोत बुडवलेला पास्ता. फोडणी नावाची गोष्ट या देशाच्या कानावर गेलेली नाही, म्हणून माझ्या सॅकमध्ये शेंगदाण्याच्या चटणीची डबी कायम असते. खरी चंगळ बर्लिनच्या नॉयकोल्न भागात, तुर्की दुकानांत. चिग कोफ्ते मुळात कच्च्या मांसाचे, पण दुकानात मिळतात ते बुलगुर, म्हणजे गव्हाचा दलिया, आणि मिरचीचे. पातळ रोटीत पुदिना-पार्सली, वरून डाळिंबाचा आंबटगोड पाक. मावशींनाही आवडलं असतं.

इथले लोक ताटावरून भांडत नाहीत असं मुळीच नाही. २०१३ च्या निवडणुकीत ग्रीन पक्षाने कॅन्टीनमध्ये आठवड्यातून एक दिवस बिनमांसाचा असावा असं सुचवलं आणि गहजब झाला. २०२१ मध्ये फोक्सवागन या मोटार कंपनीने आपल्या एका कॅन्टीनमधून करीवुर्स्ट हे सॉसेज काढलं, तर जर्मनीचे माजी चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, श्रोडर कामगारांच्या बाजूने जाहीर बोलले. दोन वर्षांनी ते सॉसेज मेन्यूत परत आलं. पण हा सगळा गोंधळ माझ्या ताटात काय वाढणार याचा होता. शेजारी कोण बसलंय, याची चौकशी कुणी केली नाही.

काकांनी परवा पुन्हा विचारलं, मग तुझं म्हणणं काय? मी लिहिलं: ती सहा टेबलं सगळ्यांना मोकळी करा, तूप वेगळ्या वाटीत ठेवा, आणि कशात दूध आहे ते फळ्यावर लिहा. त्यावर काकांचा अंगठा आला. चुलतभावाने विचारलं, आणि रविवारी?

रविवारी भरली वांगी.