मावशी, ते पान मेलेलं नव्हतं!

परवा धुळ्याहून मोठ्या मावशीचा फोन. "झाड मरी गयं रे भाऊ." दीड वर्षापूर्वी फळीवर बांधलेलं स्टॅगहॉर्न मीच तिला नेऊन दिलं होतं. हरणाच्या शिंगांसारखी पानं असलेलं नेचं. मेच्या 44 अंशांत तगलेलं झाड भर श्रावणात कसं मेलं? तर "हरणशिंगी: घरातला ऑक्सिजन सिलिंडर" नावाचा एक मेसेज फिरतोय, तो तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि तिने त्याबरहुकूम सगळं केलं. मलाही तो आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय.

त्यातली सगळ्यात घातकी ओळ अशी: "बुडाची तपकिरी पानं मेलेली असतात, रोग पसरवतात, सोलून टाका."

अहो, स्टॅगहॉर्नला पानंच दोन तऱ्हेची येतात. एक शिंगांसारखी लोंबणारी. दुसरी गोल, ढालीसारखी, फळीला चिकटून पसरणारी. ही ढाल कोवळेपणी हिरवी असते, मग वाळून तपकिरी, कागदासारखी होते. तिला तसंच व्हायचं असतं! तिच्याआड मुळं दडलेली असतात. पाणी धरून ठेवायचं, रानात वरून पडणारा पालापाचोळा अडवून त्याचं खत होऊ द्यायचं, हे सगळं तिच्याकडे. हे झाड मातीत वाढत नाही, दुसऱ्या झाडाच्या अंगाखांद्यावर वाढतं; त्याची कुंडी म्हणा, माठ म्हणा, ती ढालच. ती सोलली की मुळं उघडी पडतात. त्या भरात मधला कोंब मोडला आणि बाजूला फुटलेली पिल्लं, म्हणजे नवी रोपं, नसली, तर खेळ खलास. मावशीने तीन थर काढले, चमच्याने खरवडून. वर "किती घाण निघनी" हेही मलाच ऐकवलं.

आपल्या सह्याद्रीत अश्वकातरी असते, तीही नेच्यातलीच; काही जण तिला वांदरबाशिंग म्हणतात. तिचीही बुडाची पानं अशीच वाळकी, तपकिरी. त्यांना रानात कोणी चमचा लावत नाही, म्हणून ती सुखात आहे. सडलेलं ओळखायचं तर साधं आहे: काळं, मऊ, ओलं आणि वास येणारं. कडक आणि कोरडं असेल तर हात लावू नका.

आता तो ऑक्सिजन. "नासाने सिद्ध केलंय, रात्रभर ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा." नासाचा तो अभ्यास 1989 सालचा. बंद पेटीत झाडं ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाइड अशी रसायनं हवेतून किती कमी होतात ते पाहिलं होतं. रात्रीच्या ऑक्सिजनचा तिथे संबंधच नव्हता आणि त्या यादीत स्टॅगहॉर्नही नव्हतं. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे डझनभर अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. खोलीत जी हवा एरवी खेळतेच, तिच्याइतकी सफाई करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. दहा बाय दहा फुटांची खोली घ्या. कमीत कमी 93 झाडं! मग मावशीने झोपायचं कुठे, माळ्यावर?

अर्धं खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजाने. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि स्टॅगहॉर्नमध्येही हा गुण थोडाफार आढळलाय. पण ऑक्सिजन बाहेर पडायला उजेड लागतो. अंधारात झाडही आपल्यासारखाच श्वास घेतं.

"पानांवरची पांढरी बुरशी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा." ती बुरशी नाही, लव आहे. पानातलं पाणी उडू नये म्हणून असते, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात ती पुसणं म्हणजे भर दुपारी डोक्यावरचा रुमाल काढून फेकणं. "शिंगांच्या टोकाखाली तपकिरी डाग म्हणजे तांबेरा." नाही. ते बीजाणू. नेच्याला फुलं-बिया नसतात, वंश त्यांच्यावरच चालतो. "बांडगूळ आहे, आंब्याला लावलं तर आंबा शोषून घेईल." खरं बांडगूळ फांदीत मुळं घुसवतं; हे नुसतं बसतं.

राहिली केळीची साल. ढालीमागे साल खोचणारे हौशी लोक आहेत, आणि कुजल्यावर तिच्यातलं पोटॅश मिळतं, हेही खरं. पण मेसेज म्हणतो रोज एक. जळगावात राहून केळीच्या सालीची चिलटं मला कोणी सांगायला नकोत. महिन्यातून एखादा तुकडा पुष्कळ झाला.

"सकाळ-संध्याकाळ पाणी" हेही तसलंच. फळी काढून बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवायची, निथळवायची, पुन्हा हलकी लागेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात आठवड्याने, मेमध्ये दोन-तीन दिवसांनी. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही.

रविवारी धुळ्याला जाऊन आलो. कोंब अजून टणक आहे, टोकाला हिरवट. उघड्या मुळांवर ओला काथ्या दाबला, नायलॉनच्या दोऱ्याने बांधला आणि फळी मोरीच्या खिडकीत टांगली. चमचा मात्र मावशीने घासून परत मांडणीवर ठेवलाय.