‘मेडिक्लेम कशाला, एसआयपी करा’ : लवकर निवृत्त होणाऱ्यांनी हा सल्ला का ऐकू नये

दर दोन-चार महिन्यांनी तोच मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. मजकूर थोडक्यात असा: पंचेचाळिशीत नोकरी सोडणाऱ्यानं मेडिक्लेमच्या भानगडीत पडू नये. वर्षाला 30 हजार हप्ता भरण्यापेक्षा तेवढ्याची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, करावी, वीस वर्षांत कोट होतो. सत्तरीनंतर सरकार 5 लाखांचा विमा देतंच. विमा कंपन्या तसेही क्लेम देत नाहीत. आणि घ्यायचाच झाला, तर नोकरी सोडल्यावर घ्यावा. तोवर कंपनीचा आहे की! खाली अंगठ्यांची रांग.

मी स्वतः 47व्या वर्षी नोकरी सोडली, त्यामुळे हा विषय माझ्या वहीत चार पानं खाऊन बसलाय. मेसेजमधली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी कोटीचं बघू. 30 हजार म्हणजे महिना अडीच हजार. सलग वीस वर्षं 12 टक्के परतावा मिळाला असं उदारपणे धरलं, तरी होतात सुमारे 25 लाख. पंचवीस वर्षांनी 47. कोट कुठून आला हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण ही चूक किरकोळ म्हणायची. तीन वर्षं एसआयपी केल्यावर खात्यात किती असतात? एक लाख नऊ हजार. आणि अँजिओप्लास्टी काही विसावं वर्ष उजाडायची वाट बघत नाही. 8 लाखांचं बिल आलं की ते मूळ पुंजीतून जाणार; त्याच वर्षी बाजार झोपलेला असला तर जास्त युनिटं विकून जाणार. पगार चालू असलेला माणूस ही तूट दोन-तीन वर्षांत भरून काढतो. आपला पगार आपणच थांबवलेला असतो.

ज्यांच्याकडे सगळे खर्च भागून वर दोन-तीन कोटी पडून आहेत, त्यांनी विमा नाही घेतला तर मी वाद घालणार नाही. ते हे मेसेज फॉरवर्डही करत नाहीत.

दुसरी गोष्ट मेसेजमध्ये लिहिलेली नाही, गृहीत धरलेली आहे: हप्ता कायम 30 हजारच राहणार. विम्याच्या बाजूनं बोलणारेही बजेट करताना इथेच घसरतात. घरखर्चाला 6 टक्के महागाई लावतात आणि त्याच ओळीत मेडिक्लेमही टाकून देतात. नवरा-बायकोचा आजचा हप्ता 30 हजार धरा. 6 टक्क्यांनी तो पंचवीस वर्षांनी 1.29 लाख दिसतो. वय वाढेल तसा वरचा टप्पा लागतो आणि अधूनमधून कंपनी सगळ्यांचेच दर वाढवते. दोन्ही मिळून वर्षाला 10 टक्के धरले, तर साठीला 1.25 लाख आणि सत्तरीला सव्वातीन लाख. म्हणजे पहिल्या हिशेबातला सत्तरीचा आकडा जवळपास साठीलाच येऊन उभा राहतो.

म्हणून मी हप्त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढली. हप्ता 10 टक्क्यांनी वाढणार आणि ठेवलेले पैसेही करानंतर 10 टक्क्यांनी वाढणार असतील, तर हिशेब सोपा: वय 45 ते 85, चाळीस हप्ते, प्रत्येकी 30 हजार, आज 12 लाख. पण पैसे 7 टक्क्यांनीच वाढणार असतील, तर आज साडेएकवीस लाखांच्या वर लागतात. हे दोन आकडे एका कागदावर लिहिले, तेव्हा बायको म्हणाली, “अजून दोन वर्षं कर नोकरी.” केलीही.

इथं थोडा दिलासा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. मात्र हा फायदा एकदाच मिळतो, पुढची वाढ चालूच राहते. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा, असं विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना बजावलंय. पंचेचाळीस ते साठ या पंधरा वर्षांना ते लागू नाही, आणि लवकर निवृत्ती घेणाऱ्याचा पहिला टप्पा नेमका तोच. दात, चष्मा, रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची फी यांची ओळ वेगळीच मांडा. साध्या पॉलिसीत ते येत नाही.

सरकारचं म्हणाल तर सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं हे खरं आहे. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे आणि ती जरूर घ्यावी. पण 5 लाख हे कुटुंबाला वर्षाचे. दोघं सत्तरीपुढचे असले तर दोघांत मिळून. उपचार यादीतले, रुग्णालयं यादीतली. महाराष्ट्रात महात्मा फुले योजना आहे, तिथंही याद्या आहेतच. आणि पंचेचाळीस ते सत्तर ही मधली पंचवीस वर्षं मेसेजवाल्यानं कुठं गाडली, कळत नाही.

आता ‘क्लेम देत नाहीत’. याला मी सरसकट खोटं म्हणणार नाही. मावशीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्जच्या दिवशी मी बिलिंग काउंटरवर उभा होतो. एक लाख दोन हजार भरा, म्हणाले. पॉलिसी 5 लाखांची, बिल त्याच्या आत. मग हे कसले? काउंटरवरच्या मुलानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. “काका, रूम वरची घेतलीत ना.” पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5 हजार. आम्ही घेतलेली खोली 8 हजारांची. मी समजत होतो, फरक दिवसाला 3 हजार, चार दिवसांचे 12 हजार. पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, भेटी मिळून 2 लाख 40 हजार झाले होते, आणि त्यातले कंपनीनं आठात पाच या प्रमाणातच मान्य केले. 90 हजार तिथंच कापले गेले. औषधांना आणि बसवलेल्या सांध्याला ही कात्री लागत नाही, ते पूर्ण मिळाले.

चीड आलीच. पण कंपनीनं फसवलं असं मला म्हणता येईना. अट पॉलिसीत छापलेली होती आणि ती आमच्यापैकी कुणी वाचली नव्हती. यावर उपाय विमा टाळणं हा नाही. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी. वरच्या रकमेसाठी सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या पुढचं बिल भरणारी जोडपॉलिसी, स्वस्त पडतो, पण साधा टॉप-अप नको: ती रक्कम ओलांडली का हे तो प्रत्येक क्लेमला वेगळं मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो. क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, हेही मेसेज सांगत नाही.

राहिलं ‘नोकरी सोडल्यावर घेऊ’. मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते, कारण शहाणी माणसंही हेच करतात. मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार असले, तर नवी पॉलिसी त्यांच्यासाठी कमाल 36 महिने थांबायला लावू शकते. 2024 च्या आधी हे 48 होते. काही ठरावीक शस्त्रक्रियांनाही वेगळी प्रतीक्षा असते. आणि सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. हे सगळं घड्याळ तुमची स्वतःची पॉलिसी सुरू झाल्यावर चालू होतं. नोकरीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत कंपनीच्या विम्याबरोबर स्वतःचा हप्ता भरणं दुहेरी खर्च वाटतो. मलाही वाटला. पण तेव्हा आजार नव्हता आणि कंपनीच्या कार्डावर ही प्रतीक्षा फुकटात काढता आली. पुढं माझ्या साखरेचं निदान झालं, तेव्हा पॉलिसी दोन वर्षांची झाली होती आणि मला कुणाला विचारायला जावं लागलं नाही.

ज्यांचं हे राहून गेलंय त्यांना एक वाट आहे. नोकरीतल्या गटविम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि गटात काढलेली वर्षं प्रतीक्षेत धरली जातात. कंपनी प्रकृतीची तपासणी करू शकते, हप्ताही वैयक्तिक दरानं लागतो. पण त्यासाठी अर्ज नोकरीत असतानाच केलेला बरा. एचआर हे स्वतःहून सांगत नाही. राजीनाम्याचा मेल लिहाल तेव्हा खाली दोन ओळी याच्याही लिहा आणि उत्तर लेखी मागा. निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी खिशातलं ते कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही.