पायधुणीला पाय का धुवायचे?

रविवारी दुपारी मुंबईत परळजवळच्या हिंदमाताला पुन्हा गुडघाभर पाणी भरलं. संध्याकाळी आम्ही भोईवाड्याच्या नेहमीच्या कट्ट्यावर बसलो तोवर ते ओसरलं होतं. कट्ट्याच्या खालच्या पायरीवर मात्र गाळाची ओली रेघ शिल्लक होती आणि प्रसाद तिच्याकडे बघत चहा फुंकत होता. प्रसाद आमच्यातला सगळ्यात धाकटा, सिव्हिल इंजिनीयर. सध्या पायधुणीच्या बाजूला एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासाचं काम बघतो.

"शेवटी हे शहरच बनवलेलं आहे," तो म्हणाला. "इंग्रजांनी समुद्रात भराव टाकला आणि मुंबई झाली. त्याआधी होतं काय इथं? सात बेटं, चार झोपड्या आणि चिखल."

नरू वरळी कोळीवाड्यातला. कट्ट्यावर तो कमी बोलतो. त्यानं ग्लास खाली ठेवला. "चार झोपड्या कुणाच्या रे?"

"तुझ्याच. मी नाही कुठे म्हणतोय? पण शहर नव्हतं ना."

इथून वाद पेटला आणि मी मध्ये पडलो, कारण हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. सात बेटं हे खरंच. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण त्यांच्यामध्ये बाराही महिने खोल समुद्र होता असं नाही. भरतीला पाणी आत शिरायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा. माणसं त्यातून चालत ये-जा करायची. माझगाव-डोंगरीकडून मुंबईच्या बेटावर येताना पाय चिखलानं माखायचे, ते जिथं धुवायचे ती पायधुणी, असं जुनी माणसं सांगत आली. उमरखाडीत खाडी आहे. डोंगरीत डोंगर आहे, त्यातला बराचसा नंतर फोडला गेला. चिंचपोकळीत चिंचेखालची पोकळी, म्हणजे सखल जागा, आहे. धोबीतलावात तलाव होता, तो बुजवला. ही नावं काय इंग्रजांनी ठेवली? ज्यांना या जमिनीवरून अनवाणी चालावं लागत होतं त्यांनी ठेवली.

"नावं ठीक आहेत," प्रसाद म्हणाला, "पण नावानं शहर होत नाही."

शिरीष बँकेत आहे आणि पुष्कळ वाचतो. त्यानं वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव काढला, शिलाहारांच्या काळातला. माहीमचा दर्गा काढला. तो ज्यांचा, ते मखदूम अली माहिमी वारले १४३१ साली, म्हणजे पोर्तुगीज इथं पाय ठेवण्याच्या शंभर वर्षं आधी माहीममध्ये विद्वान माणसं राहून ग्रंथ लिहीत होती. समोर घारापुरीची लेणी आहेत. वर नालासोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून काढलेला स्तूप आहे. जगाच्या व्यापारात हा किनारा कधीच नवखा नव्हता. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्रजांच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. "ज्यांनी दिली आणि ज्यांनी घेतली, त्यांच्यापैकी कुणीही इथल्या माणसांना विचारलं नव्हतं," शिरीष म्हणाला.

प्रसाद हट्टी आहे, पण त्याच्या म्हणण्यात दम होता हे कबूल केलं पाहिजे. तो म्हणाला, "महालक्ष्मी आणि वरळीच्या मधलं खिंडार बुजवलं नसतं तर भायखळा कुठे असता? भरतीचं पाणी तिथपर्यंत येत होतं. गव्हर्नर हॉर्नबीच्या वेळी १७८४ च्या सुमाराला तो बांध झाला, तेव्हा आतली सगळी खाजणं सुकली. कामाठीपुरा त्या जमिनीवर उभा आहे. १८३८ ला कुलाबा जोडला, १८४५ ला माहीमचा कॉजवे, म्हणजे पाण्यातून काढलेला रस्ता. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे. मग गिरण्या, मग गोद्या. हे सगळं आपोआप झालं?"

आपोआप नाही झालं, आणि एकट्या इंग्रजांनीही नाही केलं. माहीमच्या कॉजवेला पैसा दिला अवाबाई जीजीभॉय यांनी. म्हणूनच त्यांचं, लेडी जमशेटजी हे नाव आजही दादर-माहीमच्या रस्त्यावर आहे. पाट्या वाहिल्या त्या तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांनी, कोकण-घाटावरून आलेल्या आमच्या आज्या-पणज्यांनी. माझे आजोबा रत्नागिरीहून बोटीनं आले आणि गिरणीत लागले. या परळ-लालबागमधल्या दर दुसऱ्या घराची हीच गोष्ट आहे. भराव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा येतो. डोक्यावरची पाटी दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि भरावाखाली काय होतं, तेही बघा. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला. त्याच्या खोदकामात चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले. वाहून आलेले नव्हेत, मुळांसकट जागच्या जागी उभे, खैराची झाडं. म्हणजे ज्या जागी गोदी खणत होते तिथं कधी काळी जंगल होतं, आणि जमीन खचून समुद्र आत आला होता. खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. समुद्र आणि जमीन यांची इथली देवाणघेवाण आपल्या कुणाच्याही आधीपासूनची आहे.

हे ऐकून प्रसाद जरा थांबला. मग म्हणाला, "बरं, आजच्या पाण्याचं काय? ते काही इतिहासानं तुंबलं नाही. नाले जुने आहेत. तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेले. आता ५० चा हिशेब धरून पंप बसवतायत, हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या केल्यात. ही इंजिनीयरिंगची गोष्ट आहे."

"आज तिथी कुठली?" नरूनं मध्येच विचारलं.

"तृतीया."

"तीनाची पाऊणपट किती? सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती. त्यात पुनव होऊन तीनच दिवस, म्हणजे उधाण अजून उतरलेलं नाही. तुमच्याकडे पाणी कधी भरलं?"

दोन ते तीनच्या दरम्यान. आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

"समुद्र वर असला की नाला कुठे ओतणार? आता साडेआठला ओहोटी लागेल शेवटाला, बघा रस्ता कसा कोरडा होतो. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसात, अष्टमीला वगैरे, एवढाच पाऊस पडला असता तर इतकं भरलं नसतं." हा हिशेब त्याला त्याच्या वडिलांनी शिकवला. घड्याळ नसताना होडी कधी काढायची ते कोळी असंच ठरवत आले.

प्रसादनं मोबाईल काढून भरतीची वेळ बघितली. दहा-बारा मिनिटांचा फरक होता. तो हसला नाही, मोबाईल तसाच हातात धरून बसला. मला २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्याच दुपारी भरती. विहार-पवईच्या तलावांतून निघणारी मिठी नदी आम्ही दोन्ही बाजूंनी आवळून ठेवलेली, माहीमच्या खाडीकडे जाणारं तिचं पाणी जाणार कुठे? कुलाब्याला त्या दिवशी ७३-७४ मिलिमीटरच पाऊस होता. एकाच शहरात. माझा मोठा भाऊ त्या रात्री कुर्ल्याहून चालत निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला.

"नाले मोठे करा, पंप बसवा, माझं काही म्हणणं नाही," मी प्रसादला म्हणालो. "पण तुमच्या प्लॅनवर आधी जुनी खाडी काढा. मग इमारत."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग नरूकडे वळून म्हणाला, "आमच्या साईटवर गेल्या महिन्यात पाया खणला. वर सगळा भराव, विटांचे तुकडे, राख. बारा फुटांखाली काळा चिखल लागला. वास असा की कामगार नाकाला फडकं बांधून उतरले." त्यानं फोटो काढला होता. फावड्याच्या पात्यावर चिखलाचा गोळा आणि त्यात पांढरे ठिपके.

नरूनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"तिसऱ्या," तो म्हणाला. "खाडीतल्या. दोन्ही शिंपा अजून जुळलेल्या आहेत बघ, म्हणजे जिथं वाढल्या तिथंच मेल्या." मग त्यानं विचारलं, "त्या ठेवल्यास की फेकल्यास?"