त्या भिंतीवरच्या रेघा

आज सकाळी दादाने एक फोटो पाठवला आणि मी कितीतरी वेळ फोन हातात धरून नुसती बसून राहिले. नदीकाठचं आमचं ते जुनं मोटेल पुन्हा सुरू झालंय! भिंतींना नवा रंग दिलाय, पण ऑफिसच्या दाराशेजारी वीतभर रुंदीची एक पट्टी तशीच सोडलीय. त्या पट्टीवर पुराच्या लाल रेघा अजून आहेत.

त्यातली सगळ्यात खालची रेघ माझ्यासमोर मारली गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मध्यरात्री दार वाजलं. मोटेल चालवणारे काका टॉर्च घेऊन उभे होते. बाबांना म्हणाले, "गाडी वरच्या अंगाला घ्या, पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय. घाबरू नका, पण आता झोपूही नका." बारा खोल्या होत्या. बाराही दारांवर ते स्वतः गेले. पाणी ओसरल्यावर त्यांनी भिंतीवर रेघ ओढली आणि तारीख माझ्याकडून लिहून घेतली.

आणि आज एक मित्र म्हणतो, "पाडून चार मजली रिसॉर्ट बांधायला हवं होतं." अरे, पण मग ते मोटेल राहिलं असतं का? मोटर आणि हॉटेल जोडून हा शब्द झाला, 1925 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोला. खोलीच्या दारात गाडी, दार उघडलं की समोर मोकळं आकाश. मध्ये लॉबी नाही, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर तुमचं दार मध्यरात्री कोण ठोठावणार आहे?

मान्य, पूररेषेत बांधूच नये. आज कोणी बांधायला निघालं तर मीच विरोध करेन.

पण हे मोटेल पुराने बंद पडलं नाही. नवा रस्ता बाहेरून गेला आणि गाड्या थांबायच्या बंद झाल्या. अमेरिकेत हेच झालं: 1956 च्या महामार्ग कायद्यानंतर नवे महामार्ग झाले, रूट 66 हा जुना लांब पल्ल्याचा रस्ता ओस पडत गेला आणि 1985 मध्ये महामार्गांच्या अधिकृत यादीतूनच गेला. तरीही न्यू मेक्सिकोत टुकुमकारीचं ब्लू स्वॅलो मोटेल तगलं, कारण लिलियन रेडमन नावाच्या बाईंनी 1958 पासून जवळजवळ चाळीस वर्षं ते सोडलं नाही. आमच्या काकांमागे असं कोणी नव्हतं. नंतरच्या मालकाने पुरात भिजलेल्या भिंती वाळूही दिल्या नाहीत. वरून सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट! ओल आत कोंडली, पोपडे सुटले, गाद्यांना कुबट वास. आम्ही एकदा गेलो, नाकं मुरडली आणि परत फिरकलो नाही. या गोष्टीचा राग मला मालकापेक्षा स्वतःचा जास्त येतो. ज्या माणसाने आमच्यासाठी रात्र जागून काढली, त्याची जागा आम्ही एका वासापायी सोडून दिली.

आता एक तरुण जोडपं ते चालवतंय. दादाने खोदून खोदून सगळं विचारलं. त्यांनी सिमेंट खरवडून काढलं, भिंती कितीतरी महिने उघड्या ठेवून वाळवल्या आणि मग चुन्याचा गिलावा केला, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते. विजेचे सगळे बोर्ड सर्वात वरच्या रेघेच्याही वर नेले. नदीला लागून असलेल्या दोन खोल्या काढून तिथे नुसता ओटा ठेवला. दोन खोल्यांचं उत्पन्न सोडलं हो त्यांनी! नदीला तिची जागा परत दिली. हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना याचं मोल कळेल, याची मला खात्री आहे.

न राहवून दुपारी फोन केला. त्या मुलीने उचलला. शेवटची खोली रिकामी आहे का, हे विचारायच्या आधी मी विचारलं, "रात्री पाणी चढलं तर कोण उठवतं?"

"मीच," ती म्हणाली. "टॉर्च ऑफिसात खुंटीला आहे."

पुढच्या शनिवारी आईबाबांना घेऊन जातेय.