पूल लागतो तो पावसाळ्यात

गावात रस्ता आला की विकास आला, असं आपण फार सहज बोलून जातो. रस्ता हवाच. वीज, पाणी, पूल, सगळंच हवं. पण या कामांचा हिशेब आपण कसा मांडतो? किती किलोमीटर झाले, किती खांब उभे राहिले, किती निधी खर्ची पडला. ज्या घरासाठी हे सगळं केलं, त्या घराचा दिवस किती बदलला, हे विचारायचं राहूनच जातं.

निकाराग्वातल्या दुर्गम गावांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पावसाळ्यात नद्या अचानक फुगतात आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. पूल नसलेल्या गावांत पूर आला की मजुरीची कमाई १८ टक्क्यांनी घटायची. साधे पादचारी पूल बांधले आणि ही घट थांबली. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. पूल झाल्यावर शेतकरी खतावर जास्त खर्च करू लागले. नदीपलीकडची मजुरी बुडणार नाही याचा भरवसा आला, तेव्हा अडीअडचणीसाठी गाठीला बांधलेला पैसा शेतात घालायची हिंमत झाली. पुराचे दिवस वर्षात मोजकेच, पण त्या भीतीने अख्ख्या वर्षाचे निर्णय बांधलेले होते. गरिबाची कमाई कमी असते हे सगळ्यांना दिसतं. ती बेभरवशाची असते, हे त्याला आतून जास्त पोखरतं.

आता रस्त्याचं बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली आणि हजारो वाड्या-वस्त्या डांबरी रस्त्याने जोडल्या गेल्या. नव्या रस्त्यांमुळे मुलं शाळेत जास्त टिकली, माणसं शेती सोडून बाहेरच्या कामाला जाऊ लागली. पण चार वर्षांनी पाहिलं तर शेतीचं उत्पादन, घरातलं उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा फरक पडलेला नव्हता. म्हणून रस्ता वाया गेला असं मी अजिबात म्हणणार नाही. रस्त्याने माणसाला बाहेर पडायची वाट दिली, ही काही लहान गोष्ट नाही. पण पतपुरवठा, साठवणुकीची सोय, माल घेणारा माणूस, हे त्या रस्त्याने आपोआप चालत येत नाही.

विजेचीही तीच गत. आपल्याकडे २८ एप्रिल २०१८ ला देशातल्या शेवटच्या गावापर्यंत वीज पोचल्याचं जाहीर झालं. गावातल्या १० टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत धरलं जायचं. उरलेल्या घरांच्या दारावरून तार जायची आणि आत कंदील असायचा. केनियातही रोहित्राच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, टप्प्यात असलेली बहुतेक ग्रामीण घरं अंधारातच होती, कारण जोडणीचं शुल्क झेपण्यासारखं नव्हतं.

आणि ही सोय खरोखर घरात शिरते तेव्हा? दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागात वीज आल्यावर बायकांचं नोकरीतलं प्रमाण वाढलं. चूल आणि सरपण यांत जाणारे तास मोकळे झाले. पाण्याचाही हाच हिशेब. २० लिटरचा हंडा म्हणजे डोक्यावर २० किलो, दिवसातून चार-पाच खेपा. नळ दारात आला की त्या बाईला सकाळ परत मिळते. हे तास कुठल्याच प्रगती अहवालात नसतात, याचा मला मनापासून राग येतो.

शेवटी देखभाल, जिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. रस्ता बहुतेक वेळा पाण्यानेच खचतो. रस्त्याखालची पाणी जायची मोरी गाळाने बुजते, बाजूचं गटार भरतं, पाणी डांबराखाली मुरतं, आणि रुग्णवाहिका पुन्हा गावाच्या अलीकडेच थांबते. ग्रामसडक योजनेत पहिली ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते, ही तरतूद चांगली आहे. पण सहाव्या पावसाळ्यात त्या मोरीतला गाळ कोण काढणार आणि त्याचे पैसे कुठल्या अंदाजपत्रकात धरलेत, हे नारळ फोडायच्या दिवशीच विचारा.